पुंगळीवरची काजळी

“मग या अहवालाखाली सही कुणाची आहे?” माईंनी विचारलं.

शाल्मली ढमढेरेनं मान फिरवली.

“चष्मा जुना झाला असेल, पण सही अजून वाचता येते मला. कुणाची?”

“माझी. पण वाक्य माझं नाही, माई! वाक्य धर्माधिकारी सरांचं आहे. मी लिहिलेलं त्यांनी खोडलं आणि वर स्वतःचं लिहिलं.”

“आणि तू सही केलीस.”

“करायला लावली.”

“हात धरून?”

...

तापीच्या काठाला एक टेकडी आहे आणि टेकडीवर मठ. तिथल्या माई भगवी छाटी नेसण्याआधी सरकारी प्रयोगशाळेत बंदुका आणि काडतुसं तपासत असत. उमेदीचं सगळं आयुष्य त्यात गेलं. शाल्मलीला ही विद्या त्यांनीच शिकवली. आता त्यांची तिथली खुर्ची धर्माधिकारींकडे आहे आणि माईंसमोर धुनी आहे.

पंचक्रोशीतले लोक माईंकडे अंगारा न्यायला येतात. कोर्टाची तारीख असली की हमखास येतात. त्याला तिकडे नावच पडलंय, तारखेचा अंगारा.

“तुमचा विश्वास आहे यावर?” शाल्मलीनं मागे एकदा विचारलं होतं.

“त्यानं गुडघे थरथरायचे थांबतात,” माई म्हणाल्या होत्या. “कोर्टात तेवढं पुष्कळ असतं.”

आज शाल्मली रागानं नुसती फणफणत आली होती. एसटीत कंडक्टरशी भांडली. फाट्यावर रिक्षावाल्याला ‘लुटारू’ म्हणाली आणि चालतच वर निघाली. आईचा फोन आला, तो ‘तुला काही कळत नाही’ म्हणून मध्येच बंद केला. मठाच्या पायऱ्यांवर एक म्हातारे बुवा बसले होते. ते म्हणाले, “ताई, हळू, देवाचं ठिकाण आहे.”

“मग देवाला म्हणावं, जरा लवकर ऊठ,” ती म्हणाली आणि चपला न जुळवता आत गेली.

आत येऊन तिनं माईंना नमस्कारही केला नाही. अहवालाची प्रत त्यांच्या मांडीवर टाकली. उद्या त्या अहवालावर तिची साक्ष होती.

“ओरडू नको,” माई म्हणाल्या. “वरती वटवाघळं झोपलीत. मी सरकारी वकील आहे असं समज. मठ्ठ वकील. मला काही येत नाही. सांग.”

“माई, तुम्हाला हे सगळं—”

“वकिलाला सांग.”

शाल्मलीनं दात आवळले. पण सांगायला लागली.

“पंडित पावरा नावाचा माणूस नदीकाठी गोळी लागून मेला. वाळूच्या उपशाविरुद्ध तक्रारी करायचा. शेजारी रायफलच्या काडतुसाची एक रिकामी पुंगळी सापडली. पोलिसांनी त्याच्या मावसभावाला धरलं, दौलू वळवीला. का, तर बांधावरून दोघांचं एकदा भांडण झालं होतं आणि दौलूकडे त्याच मापाची रायफल आहे. आज्याच्या वेळची, परवान्याची. रानडुकरं हाकलायला वापरतो.”

“त्या मापाची रायफल आणखी कुणाकडे नाही?”

“वाळूच्या ठेकेदाराच्या पुतण्याकडे होती. नवी कोरी. ती हरवली म्हणे. पंडित मेला त्याच आठवड्यात.”

“हल्ली बंदुका फार वेंधळ्या झाल्यात,” माई म्हणाल्या. “बरं. पुंगळीच्या बुडावर रायफलच्या पिनेचा ठोसा बसतो. ती खूण जुळते?”

“दौलूच्या रायफलशी नाही जुळत. पण त्याची पिन नवी आहे. पोलीस म्हणतात, खून केल्यावर त्यानं लोहाराकडून बदलून घेतली. लोहार म्हणतो, त्याच्या आधीच बदलली. लोहाराचं कोण ऐकतो?”

“म्हणजे राहिली काजळी.”

“राहिली काजळी.”

शाल्मलीनं पर्समधून कापसात गुंडाळलेली एक पितळी पुंगळी काढली. करंगळीएवढी. तोंडापासून कमरेपर्यंत काळी, खाली पिवळी.

“ही दौलूच्या रायफलमधून मी स्वतः झाडलेली. चाचणीतली, जादाची. मुद्देमाल सगळा कोर्टात सीलबंद आहे, घाबरू नका.”

“मी नाही घाबरले. वकिलाला वाटतं, एवढी काळी म्हणजे फार जोरात उडाली.”

“सगळ्यांना तसंच वाटतं! इन्स्पेक्टरलाही तसंच वाटलं. पण ते बरोब्बर उलट आहे.” शाल्मलीनं पुंगळी दोन बोटांत उभी धरली. “आतली दारू जोरात पेटली की हे पितळ फुगतं आणि चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीच्या, भिंतीला घट्ट चिकटतं. मागे यायला वाटच उरत नाही. सगळा धूर, सगळा जोर गोळीच्या पाठीमागून पुढे जातो. पुंगळी बाहेर येते ती स्वच्छ. तोंडापाशी थोडी काळी कड, बस. पण दारू कमजोर असली, दाब कमी पडला, तर पितळ पुरतं फुगत नाही. भिंतीशी फट राहते. धूर त्या फटीतून मागे सरकतो आणि पुंगळीचं अंग काळं करून ठेवतो.”

“म्हणजे काळी ती दुबळी.”

“काळी ती दुबळी. दौलू जुन्याच पुंगळ्यांत घरी दारू भरतो. तीही पावसाळे खाल्लेली. त्याच्या घरून जप्त केलेली काडतुसं मी झाडली, एकूणएक पुंगळी अशी निघाली. म्हटलं, कुणी म्हणेल त्यानं त्या दिवशी विकतचं काडतूस वापरलं. तेही त्याच्या रायफलमध्ये घालून पाहिलं. तिचं चेंबर इतकं झिजलंय की नव्या काडतुसाची पुंगळीसुद्धा एका बाजूनं काळी होते. आणि आता नदीकाठी सापडलेली बघा.”

तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. तोंडाची बारीक काळी कड सोडली तर पुंगळी लख्ख होती.

“दौलूनं पुसली असेल,” माई म्हणाल्या.

“खून करायचा, पुंगळी उचलायची, घासूनपुसून चकचकीत करायची आणि पोलिसांना सापडावी म्हणून परत तिथंच ठेवून जायचं? पुसलं तर पितळेवर बारीक रेघा उठतात, माई. मी सूक्ष्मदर्शकाखाली इंच इंच पाहिलंय. एकही रेघ नाही. ती पुंगळी दुसऱ्याच रायफलची आहे. चांगल्या रायफलची, चांगल्या काडतुसाची. दौलूची ऐपतच नाही तेवढी स्वच्छ पुंगळी टाकायची!”

“मठ्ठ वकील गेला,” माई म्हणाल्या. “आता मी विचारते. हे तू लिहिलं होतंस?”

“लिहिलं होतं. ‘ही पुंगळी दौलू वळवी याच्या रायफलमधून झाडलेली असणं संभवत नाही.’”

“आणि इथं काय आहे?”

शाल्मलीनं अहवालाकडे पाहिलंही नाही. तिला ते वाक्य पाठ होतं.

“‘काजळीच्या खुणांवरून निश्चित मत देता येत नाही.’”

...

“सर ओरडले तुझ्यावर?”

“ओरडले असते तर बरं झालं असतं! सर ओरडत नाहीत. सर चहा मागवतात. ‘बेटा’ म्हणतात. म्हणाले, बेटा, काजळी हा काय पुरावा आहे? बोटानं पुसली जाते. त्यापायी ठेकेदाराशी वैर कशाला? मला निवृत्तीला वर्ष राहिलंय, तुझी तर सगळी नोकरी पुढे पडलीय. म्हणाले, आपण खोटं कुठे लिहितोय? आपण फक्त ‘माहीत नाही’ म्हणतोय. माहीत आहे, माई! मला माहीत आहे आणि त्यांनाही माहीत आहे!”

“मग?”

“घरी सांगितलं. बाबा म्हणाले, वरिष्ठांशी वाद घालू नये. काका म्हणाला, सिस्टीम अशी एका दिवसात बदलत नाही. आजी म्हणाली, डोकं शांत ठेव. जो तो मला शांतच करतोय! माणूस जन्मठेपेवर जायची वेळ आलीय आणि यांना काळजी कसली, तर माझा आवाज चढला याची. तुम्ही सगळे म्हातारे एकाच कारखान्यात बनता का?”

“बुडाला शिक्का असतो,” माई म्हणाल्या. “बघून घे.”

शाल्मलीला हसू आलं नाही.

“माई, मी तुम्हाला न्यायला आलेय.”

“कुठे?”

“कोर्टात. बचावाचा वकील तुम्हाला तज्ज्ञ म्हणून बोलावू शकतो. मी त्याच्याशी बोलले नाही अजून, पण तो नाही म्हणणार नाही. तुमचं नाव आहे. पांढरे केस आहेत, त्यात ही छाटी. न्यायाधीश तुमचं ऐकतील. मी बोलले तर म्हणतील, ही कालची पोर, स्वतःच सही केलेल्या अहवालाविरुद्ध बोलतेय. तुम्ही नुसतं काजळी म्हणजे काय एवढं सांगा. बाकी ते समजून घेतील.”

“नाही.”

“का नाही?”

“त्या कागदावर माझी सही नाही.”

शाल्मली उभी राहिली.

“झालं! संपलं तुमचं! छाटी नेसली की हात झटकायला मोकळे. तिकडे माणसं मरोत, आत सडोत, तुम्ही धुनीत लाकडं सारत बसा. आयुष्यभर आम्हाला शिकवलंत, खूण खोटं बोलत नाही, खूण खोटं बोलत नाही. आणि खुणेच्या बाजूनं उभं राहायची वेळ आली की तुमची समाधी लागते. सरांमध्ये आणि तुमच्यामध्ये फरक काय? ते चहा देतात, तुम्ही तोही देत नाही!”

माईंनी तिच्याकडे पाहिलं.

मग धुनीतलं एक लाकूड आत सारलं.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. अंगावर विटलेली हिरवी साडी. पाय धुळीनं गुडघ्यापर्यंत भरलेले. ती लांबून चालत आलेली दिसत होती.

“माय,” ती म्हणाली, “अंगारा...”

“अहो, थांबा ना जरा!” शाल्मली गर्रकन वळून तिच्यावर ओरडली. “दिसत नाही, आम्ही बोलतोय ते? इथं एका माणसाच्या जन्माचा प्रश्न चाललाय आणि यांना राख पाहिजे!”

बाई मागे सरली. उंबऱ्याबाहेर खाली बसली. शाल्मलीनं भिरकावलेल्या चपला तिच्या पायाशी आल्या होत्या. त्या तिनं उचलून नीट जोडीनं ठेवल्या.

“आत ये, सुमली,” माई म्हणाल्या. “उद्याच ना तारीख?”

“उद्याच.” सुमली आत आली आणि शाल्मलीपासून जमेल तेवढ्या लांब बसली. “वकील म्हणतो, उद्या बंदूकवाली बाई येणार आहे. मोठी शिकलेली. ती बोलली की दौलूचं काय ते समजेल.”

शाल्मलीच्या हातातला मोबाइल तसाच राहिला.

“ती काय बोलेल, माय?”

“ते तिलाच ठाऊक.”

“बाई चांगली असेल का गं?”

“चिडकी आहे म्हणतात,” माई म्हणाल्या.

सुमलीनं थोडा विचार केला.

“चिडकी चालेल. आमच्यावर नाही चिडली म्हणजे झालं.”

...



सुमलीनं पदर डोक्यावर घेतला आणि उजवा तळहात पुढे केला, अंगारा घेताना करतात तसा, डावा हात त्याच्या खाली लावून.

माईंनी धुनीकडे हात नेला नाही. त्यांनी शाल्मलीची पुंगळी उचलली. तिच्या काळ्या अंगावरून अंगठा दाबून फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. अंगठा काळा झाला. तो त्यांनी सुमलीच्या तळहातावर टेकवला.

“आज काळा?” सुमली म्हणाली.

माईंच्या हातचं होतं, म्हणून तिनं पुढे विचारलं नाही. त्या काळ्यात बोट बुडवलं आणि कपाळाकडे नेलं.

“अगं, नको!” शाल्मलीनं धावत जाऊन तिचं मनगट धरलं. “तो अंगारा नाही! बंदुकीची काजळी आहे ती!”

“सोड तिचा हात,” माई म्हणाल्या.

“नाही सोडणार! माई, तुम्हाला वेड लागलंय का? ती केवढ्या विश्वासानं आलीय! तिच्या कपाळाला हे काळं कशाला? तिचा काय संबंध?”

“मग कुणाचा?”

“काय कुणाचा?”

“ही काजळी तिच्या वाट्याची नाही म्हणतेस. मग कुणाच्या?”

“धर्माधिकारी सरांच्या!” शाल्मली किंचाळली. वरची वटवाघळं खरंच हलली. “त्यांच्या तोंडाला फासा!”

“बरं. तू त्यांच्या तोंडाला किती फासलीस?”

...

“रागाची काजळी रिक्षावाल्याला दिलीस. तो खालच्या गावचाच आहे, तुझ्या आधी पाणी प्यायला वर येऊन गेला. पायरीवरच्या बुवांना दिलीस, ती मी इथं बसून ऐकली. मला दिलीस. हिला आत्ता माझ्या डोळ्यांदेखत दिलीस. सरांना काय म्हणालीस?”

शाल्मलीच्या हातातून सुमलीचं मनगट सुटलं.

“त्यांनी कागद पुढे केला, तेव्हा काय म्हणालीस त्यांना?”

...

“शाल्मली.”

“पेन मागितलं.”

...

“काय?”

“माझं पेन टेबलावर राहिलं होतं... मी म्हटलं, सर, पेन देता का.”

टेकडीखालून वाळूचा एक ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज पार विरून गेला.

मग सुमली हळूहळू उठली. तिची बोली वेगळी, तिला सगळं मराठी कळलं नसेल. पेन कळलं. सही कळली. तिनं शाल्मलीकडे पायांपासून वरपर्यंत पाहिलं.

“माय,” ती माईंना म्हणाली, “हीच ती?”

माईंनी हात वर केला.

“सुमली, तिच्याशी काही बोलू नकोस. उद्या ती साक्षीदार आहे आणि तू आरोपीची बायको. तू तिच्याजवळ काही मागायचं नाहीस आणि तिनं तुला काही द्यायचं नाही. नाहीतर उद्या म्हणतील, मठात बसून ठरवलं.”

“मी मागत नाही.” सुमलीचा आवाज चढला नव्हता. “तू विचार तिला. पेन मागितलं तेव्हा माझा माणूस दिसला का तिला? त्यानं पंडितला खांदा दिला. रडला. तिथून त्याला उचलून नेला. पोरगी रोज विचारते, बापानं काय केलं. मी काय सांगू? एका बाईनं पेन मागितलं, हे सांगू?”

“नाही विचारणार,” माई म्हणाल्या. “तिनं ऐकलंय.”

सुमलीनं तळहात उंबऱ्याच्या दगडावर घासला. पुन्हा घासला. मग तिथंच बसली, शाल्मलीकडे पाठ करून.

शाल्मली खाली बसली. एवढी वर्षं ती मोठ्या माणसांवर रागावत आली होती आणि तो राग खोटा नव्हता. मोठी माणसं होतीच तशी. पण आज पहिल्यांदाच तिला रागवायला कुणी मोठं माणूस सापडेना.

“माझी नोकरी जाईल, माई,” ती शेवटी म्हणाली.

“जाईल.”

“चौकशी लावतील. म्हणतील, आरोपीला फितूर झाली.”

“म्हणतील.”

“सरकारी वकील मला फाडून खाईल. अहवालात एक आणि तोंडात एक. मग तेव्हा खोटं होतं की आता खोटं, असं विचारेल.”

“मी असते तर हेच विचारलं असतं.”

“आणि एवढं करून न्यायाधीशांनी मानलं नाही तर?”

“तर नाही मानलं.”

“तुम्ही एकदाही म्हणत नाही, सगळं ठीक होईल म्हणून!”

“तसं सांगायला तुला सर आहेत.”

शाल्मलीनं मोबाइल उचलला.

मग ती उठली. मठात मोबाइलला रेंज नसते, दीपमाळेच्या कट्ट्यापाशी थोडी येते. ती तिथं जाऊन उभी राहिली. दारातून ती दिसत होती आणि नीट कान दिला तर तिचं बोलणंही ऐकू येत होतं.

“सर, शाल्मली बोलतेय.”

...

“नाही सर, तब्येत बरी आहे. उद्याच्या साक्षीबद्दल. मी कोर्टात माझं मूळ मत सांगणार आहे. ती पुंगळी दौलू वळवीच्या रायफलची नाही.”

...

“हो, अहवालावर सही माझी आहे. ती मी करायला नको होती. तेही सांगणार आहे.”

...

“कुणी नाही सांगितलं, सर. विचार करूनच.”

...

“वाक्य कुणी बदललं असं विचारलं, तर तुमचं नाव घेईन. न विचारता नाही घेणार. विचारलं तर घेईन.”

आता फोनमधून सरांचा आवाज थेट मठाच्या दारापर्यंत येऊ लागला. कधी न ओरडणारे सर ओरडत होते. बेटा हा शब्द त्यात नव्हता. कृतघ्न होता, उद्धट होता, बघून घेईन होतं. शाल्मलीनं फोन कानापासून लांब धरला नाही, बंदही केला नाही. सरांचं सगळं बोलून होईपर्यंत ती उभी राहिली.

“बरं सर,” ती म्हणाली. “उद्या अकरा वाजता मी कोर्टात आहे.”

ती परत आली. कापूस उचलला, पुंगळी गुंडाळली, पर्समध्ये ठेवली. माईंच्या मांडीवरचा अहवाल घेतला, घडी घातली. वाकून नमस्कार केला. सुमलीकडे तिनं पाहिलं नाही, पाहायचं नव्हतंच. उंबऱ्याबाहेर जोडीनं ठेवलेल्या चपला दिसल्या तेव्हा मात्र ती क्षणभर थांबली. मग त्या पायांत घातल्या.

पायरीवरच्या बुवांनी तिला येताना पाहिलं आणि अंग चोरलं. ती त्यांच्या शेजारून गेली, सावकाश, आवाज न करता.

ती खाली वळणाआड जाईपर्यंत सुमली बघत राहिली. माईंनी धुनीतला अंगारा चिमटीत घेतला होता, पण तिचा हात पुढे आला नाही.

“माय,” तिनं विचारलं, “ताई एवढी ओरडत होती, आता एवढ्या हळू बोलली. तिचा राग गेला का गं?”

“नाही,” माई म्हणाल्या. “आता कुठे आलाय.”